तीनशे सत्तावीस क्रमांकाचा सप्ताह

कोणत्याही कार्याचा आरंभ करण्यापूर्वी अधिकार, विषय, संबंध आणि प्रयोजन या चार गोष्टी मनाशी निश्चित कराव्यात, अशी शिकवण आम्हाला आमच्या गुरुजनांनी दिली होती. छत्तीस वर्षे संस्कृतचे अध्यापन करताना तीच मी विद्यार्थ्यांना दिली. आमच्या घरचा दूरचित्रवाणी संच ज्या सोमवारी मी स्वतःच्या हाताने प्रथमच सुरू केला, त्या दिवशी मात्र यांपैकी केवळ प्रयोजन माझ्यापाशी होते. उरलेल्या तिहींच्या अभावी पुढे जे घडले, ते कोणताही आडपडदा न ठेवता येथे नमूद करतो.

प्रयोजन होते तुळसाबाईंचे. महागावला आमच्या शिक्षक कॉलनीच्या मागील गल्लीत त्या राहतात. त्यांचा नातू संघर्ष एका मालवाहू जहाजावर इंजिनखात्यात नोकरीला आहे. गेल्या पौषात त्याचे जहाज युरोपकडे निघाले. नेहमीची वाट तांबड्या समुद्रातून जाते आणि त्या दिवसांत तेथे जहाजांवर अग्निबाण पडत होते. आपल्याकडील वाहिन्यांनी ही वार्ता लाल अक्षरांत, मागे नगारे वाजवीत, एकच जळते जहाज दिवसातून साठ वेळा दाखवून घरोघरी पोचवली. साठ वेळा पाहिलेले एक जहाज पाहणाऱ्याच्या काळजात साठ जहाजांएवढे होते. संघर्षने फोनवर कळवले की मालकांनी मार्ग बदलला आहे, आम्ही आफ्रिकेला वळसा घालून जाणार, महिनाभर उशीर होईल, मधूनमधून फोन लागणार नाही. यानंतर फोन खरोखरच लागेना, आणि तुळसाबाईंनी जेवण अर्ध्या भाकरीवर आणले.

"थो फोनवर कायबी सांगते, गुरुजी," त्या मला म्हणाल्या. "जेवला का म्हनलं तं जेवलोच म्हनते. तापानं फनफनला असन तरी जेवलोच म्हनते. त्याच्या सांगन्यावर मी नाही जात. मले थो समुद्र पाहाले भेटला पाह्यजे."

तोडगा त्यांच्या नातीने, दीपाने, सुचवला. दीपा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. शाळेत ती माझी विद्यार्थिनी होती. संस्कृतच्या उत्तरपत्रिकेत तिचे मी दोन गुण कापले होते, आणि ते कापायला नको होते असे मला पुढे वाटावयाचे होते. तिने सांगितले की केबलवर तीनशे सत्तावीस क्रमांकाची एक जागतिक वाहिनी आहे. तीवर अहोरात्र आंतरराष्ट्रीय घडामोडी चालतात, आणि येत्या सोमवारपासून रोज सायंकाळी साडेपाच वाजता जगातील सागरी मार्गांवर सात भागांचा एक माहितीपट दाखवणार आहेत. सातवा भाग, रविवारचा, आफ्रिकेच्या वळशावर आहे.

"आमच्याकडं केबल नाही, गुरुजी. तुमच्याइथं आजीले पाहू द्याल का?"

आमच्या नातवाने, रजतने, दिवाळीला नागपूरहून मोठा संच पाठवला होता. मी तत्काळ होकार दिला. एवढ्यावर थांबलो असतो तर ही कथाच झाली नसती. मी पुढे म्हणालो, "तुळसाबाई, कार्यक्रम इंग्रजीत असेल. पण चिंता नसावी. मी स्वतः निरूपण करीन. रविवारपर्यंत तुमचा समुद्र तुम्हाला दाखवून देतो."

दीपाने माझ्याकडे पाहिले आणि आभार मानले. ती सुसंस्कृत मुलगी आहे.

येथे माझ्या इंग्रजीविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. मी इंग्रजी वाचतो. माझे इंग्रजी व्याकरण निर्दोष आहे. परंतु त्या वाहिनीवरील मंडळी अशा वेगाने बोलतात की मी वाक्यातील क्रियापद शोधून काढीपर्यंत वाक्य संपलेले असते आणि निवेदिका दुसऱ्या खंडात गेलेली असते.

केबलचालक पूनमसिंग राठोड यांना मी बोलावले. सत्शील गृहस्थ, परंतु वाहिनीचा क्रमांक ऐकून ते खुर्चीत सरळ झाले.

"तीनशे सत्तावीस? गुरुजी, मले बावीस वर्सं झाले या धंद्यात. थे चॅनल आजवर कोन्या मायच्या लालानं मागतलं नाही. हाये का बंद पडलं, थेच पाहा लागन." पेटीवर काही कळा दाबून ते म्हणाले, "हाये बाप्पा. एक हप्ता फुकट चालते. आवडलं तं पुढचं पाहू."

हप्ता म्हणजे सात दिवस, अशी माझी समजूत होती. कालगणना हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे.

सोमवारी साडेपाच वाजता तुळसाबाई आणि दीपा आल्या. शेजारच्या बेबीताई तुरीच्या शेंगा घेऊन आल्या होत्या, त्याही टेकल्या. मी हातपाय धुऊन संचाच्या उजवीकडे पाट मांडला; पाटाशी संध्येची पळी आणि ताम्हन होतेच. आता, छत्तीस वर्षांच्या अध्यापनाव्यतिरिक्त चाळीस चातुर्मास मी पोथी सांगितली आहे. पाटावर बसलो, समोर श्रोते दिसले, आणि माझ्या उजव्या हाताने माझी अनुमती न घेता पळीभर पाणी घेतले. देश, काल, गोत्र यांचा उच्चार झाला, सात दिवस निरूपण करीन असे मुखातून निघाले, आणि पाणी ताम्हनात सुटले. पडद्यावर एक जहाज बंदरात शिरत होते.

बेबीताईंनी शेंगांची पिशवी बाजूला ठेवली.

"गुरुजी, सप्ता बसवला अन् शेजाऱ्याले सांगतलं बी नाही?"

मी म्हणालो, "हा सप्ताह नव्हे. हा माहितीपट आहे."

"संकल्प सोडला का नाही?"

"तो सवयीने सुटला."

"सुटला तं सुटला. आता सात दिवस ईना खाली ठेवता येत नाही."

ज्या वाचकांना आमच्याकडील रीत ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सप्ताह बसला की वीणा सात दिवस अखंड कोणाच्या तरी खांद्यावर असावी लागते. गावातील मंडळी दोन-दोन तासांच्या पाळ्या लावून पहारा देतात. वीणा भुईला टेकली तर सप्ताह खंडित होतो. आमच्याकडे वीणा नव्हती, हे मी बेबीताईंच्या निदर्शनास आणले. बेबीताईंनी संचाकडे बोट दाखवले.

"हे काय मग? हे बंद कराचं नाही."

या विषयावर आमचा अर्धा तास वाद झाला. तंतुवाद्याचे धर्म विद्युत्‌यंत्रास लागू होत नाहीत, पौषात सप्ताहाला आरंभ करीत नाहीत आणि निवेदिका परधर्मीय असण्याचा संभव आहे, असे तीन मुद्दे मी मांडले. बेबीताईंचा मुद्दा एकच होता आणि तो ताम्हनात दिसत होता. मी हरलो. आमच्या सौभाग्यवती, कुमुदिनी, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या.

"म्हणजे साडेसातची माझी मालिका?"

"सातच दिवस," मी म्हणालो.

"सात दिवसांत तिथे दोन लग्नं अन् एक अपघात होते," त्या म्हणाल्या, आणि कुकरची शिटी नेहमीपेक्षा मोठ्याने झाली असे मला वाटले.

बेबीताईंचे यजमान रामराव यांनी वहीत पहाऱ्याच्या पाळ्या आखल्या. ते कापूस पिकवतात आणि कोणत्याही कामात मागाहून येऊन पुढारीपण घेतात. तुळसाबाईंचे नाव लिहावे की नाही, असा त्यांना क्षणभर प्रश्न पडला. त्या बौद्ध आहेत. तो तुळसाबाईंनीच सोडवला.

"मी तुमच्या सप्त्यातली नाही, रामराव. पन पहाऱ्यातली हाओ. दुपारचे दोन ते चार मले लिहा."

"पहाऱ्याले कायचा धर्म," बेबीताई म्हणाल्या, आणि रामरावांनी लिहिले.

मंगळवारी सकाळी वीज गेली. अखंडत्वाचा प्रश्न उपस्थित झाला. रामरावांनी ट्रॅक्टरची बॅटरी आणि आपल्या घरचा इन्व्हर्टर आणून आमच्या बैठकीत, सौभाग्यवतींच्या तुळशीच्या लग्नातील चौरंगावर बसवला. बॅटरीखाली अंथरलेली सतरंजी पुढे फेकून द्यावी लागली. तिचा उल्लेख घरात अद्याप होतो.

पहारा देणाऱ्या मंडळींना इंग्रजीचा गंध नव्हता, परंतु दोन तास एकाग्रतेने पाहिल्यास मनुष्य काही ना काही ग्रहण करतोच. बुधवारपर्यंत आमच्या गल्लीत जागतिक घडामोडींविषयी मते तयार झाली. कोणत्या देशाचा पंतप्रधान पडणार हे त्याच्या चालण्यावरून सांगितले जाऊ लागले. हिमनद्या वितळताना पाहून एका गृहस्थांनी, पाणी आता इकडेच येणार म्हणून, विहीर आणखी दोन हात खोदण्याचा बेत रहित केला. रामरावांचा सर्व भर निवेदिकेवर होता. करड्या कोटातील, आखूड केसांची ती स्त्री दिवसाच्या कोणत्याही प्रहरी पडद्यावर असे. गल्लीत तिला नुसते 'बाई' म्हणत.

"गुरुजी, आज बाईचं तोंड पाहा," रामराव म्हणाले. "भाव पडते. मी आज गाडी भरून राह्यलो."

त्यांनी कापूस बाजारात नेला आणि दुसऱ्या दिवशी भाव खरोखरच उतरला. तेव्हापासून पहाऱ्याच्या पाळ्यांसाठी कापूसवाल्यांत चढाओढ लागली.

बेबीताईंची दृष्टी निराळी होती. "हे बाई जेवते कवा?" त्यांनी मला विचारले. "सकाळी मी आली तवा बसून होती, आताबी बसून हाये. घरी कोनी हाये का नाही तिले?" मी सांगितले की तशा दोघी-तिघी असाव्यात, कोट मात्र सारखा असावा. त्यांना पटले नाही.

माझ्या निरूपणाकडे वळतो. पहिला भाग बंदरांचा होता. बंदर दिसत होते, मी बंदर म्हणालो, सर्व यथास्थित झाले. दुसऱ्या भागात मात्र एक टक्कल पडलेले गृहस्थ वीस मिनिटे एका रेषेकडे बोट दाखवीत बोलत राहिले. रेषा वर चढत होती. श्रोते माझ्याकडे पाहत होते. मी घाम पुसला आणि सांगितले की ही समुद्राची भरती. पुढे ती रेषा एकदम उतरली. मी सांगितले की ही ओहोटी, आणि या वेळी जहाजे बंदरात विश्रांती घेतात, खलाशांना गरम जेवण मिळते, घरी पत्रे लिहितात. तुळसाबाईंनी पदर सावरला. दाराशी बसलेली दीपा वहीत काहीतरी लिहीत होती.

बुधवारी ती वेळेआधी आली.

"गुरुजी, कालचे थे साहेब जहाजाच्या विम्याबद्दल बोलत होते. दर काहून वाढले, थे सांगत होते."

मी पाटाची दिशा तपासली. पाट सरळच होता.

"गरम जेवनाचं त्याईनं काहीच म्हटलं नाही," ती म्हणाली.

छत्तीस वर्षांत असा प्रसंग माझ्यावर आला नव्हता. मी म्हणालो, "मग आजपासून निरूपण तू कर."

"नाही गुरुजी," दीपा म्हणाली. "काल आजी पूर्ण भाकर जेवली. तुम्हीच सांगा."

आणि ती वही उघडून दाराशी बसली. मी कापलेल्या दोन गुणांचा तिने सूड घेतला असे म्हणता येत नाही, परंतु तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या भागांचे निरूपण मी परीक्षार्थ्यासारखे केले. ज्याला आपले उत्तर चुकीचे आहे हे ठाऊक असते आणि परीक्षकालाही ठाऊक असते, तरीही पुरवणी जोडावीच लागते, त्याची अवस्था माझ्या ध्यानी आली.

श्रोते वाढून रस्त्यापर्यंत गेले. मागच्यांना ऐकू जाईना म्हणून रामरावांनी ध्वनिक्षेपक आणला, आणि ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्याची परवानगी लागते. गुरुवारी मी अर्ज घेऊन गेलो. हवालदारांनी तो लक्षपूर्वक वाचला.

"कार्यक्रमाचं स्वरूप, 'आंतरराष्ट्रीय सागरी मार्गविषयक माहितीपटाचे सप्ताहात्मक निरूपण'." त्यांनी मान वर केली. "गुरुजी, माह्याकडं तीनच खाने हायेत. धार्मिक, राजकीय, सांस्कृतिक. कोन्यात टाकू?"

मी म्हणालो, "हा सूक्ष्म प्रश्न आहे."

"नेता कोन येऊन राह्यला?"

"कोणी नाही."

"मंग राजकीय नाही. आंतरराष्ट्रीय म्हंजे बाहेरदेशी मानूस येईन का?"

"एक स्त्री आहे. पण ती पडद्यावर असते."

हवालदारांनी लेखणी खाली ठेवली. बाहेरदेशी व्यक्तीसाठी निराळा नमुना होता आणि तो जिल्ह्याच्या ठिकाणी मिळत असे. दीड तास चर्चेअंती त्यांनी तिन्ही खान्यांत अर्धी-अर्धी खूण केली आणि खात्री करण्यासाठी स्वतः येऊन बसतो म्हणाले. त्या सायंकाळपासून ते रोज येत. शुक्रवारी त्यांनी पहाऱ्याची एक पाळीही मागून घेतली.

शनिवारी पहाटेच्या पाळीवर बसलेले गृहस्थ धावत आले. बाई गेली होती. निळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी होत्या. या मात्र मी वाचू शकलो, कारण त्या स्थिर होत्या. या वाहिनीचे वर्गणीदार व्हा, असा त्यांचा आशय होता.

पूनमसिंग आले. "फुकटचा हप्ता संपला, गुरुजी."

"आज सहावा दिवस आहे."

"कंपनीचा हप्ता पाच दिवसांचा. शनिवार-इतवार त्याईले सुट्टी असते."

मी त्यांना सांगितले की सात वारांची व्यवस्था फार प्राचीन असून ती बदलण्याचा अधिकार कोणत्याही कंपनीला नाही. ते म्हणाले की हे पुसदच्या हापिसात लेखी द्या. तेव्हा मी बसून मागणीपत्र लिहिले. संकल्पाची अलंघनीयता, एका वृद्धेची व्याकुळता आणि काळाचे अखंडत्व या तीन प्रकरणांत ते विभागलेले होते. पूनमसिंगांनी त्याचे छायाचित्र काढून पाठवले. दुपारी उत्तर आले: 'काय पाहिजे ते लिहा.'

दीपाने माझ्या पत्राच्या पाठीवर लिहिले: 'चॅनल ३२७ एका महिन्यासाठी चालू करा. गुरुजी, महागाव.' दीड ओळ. त्यावर हापिसातून अंगठ्याचे चित्र आले.

अंगठा आला तरी बाई येईना. सायंकाळी साडेपाच वाजता चाळीसेक मंडळी त्या निळ्या पडद्यापुढे हात जोडून बसली होती. पहारा दिवसभर मोडला नव्हता. बेबीताईंचे म्हणणे होते की तार तुटली म्हणून वीणा खाली ठेवत नाहीत. सहाव्या भागाचे निरूपण मी केवळ त्या दोन ओळींच्या आधारे पाऊण तास केले. समुद्र कसा असतो हे मी कधीही पाहिलेले नाही. जे काही सांगितले ते पोथ्यांतील मंथन आणि आमच्या पूस नदीचा पूर यांच्या मिश्रणातून सांगितले. समाप्तीनंतर रामराव म्हणाले, "गुरुजी, आजचा भाग सगळ्यात बेस झाला. मधात चित्रं नव्हते ना." हवालदारांनीही दुजोरा दिला. ही स्तुती मी ज्या मनःस्थितीत स्वीकारली तिचे वर्णन करीत नाही.

रविवारी पूनमसिंग सकाळीच मोटारसायकलने, हापिसातील माणसाला घरी गाठण्यासाठी, पुसदला गेले. इकडे समाप्तीच्या प्रसादासाठी अंगणात बुंदी पडू लागली, वांग्याची भाजी शिजू लागली. साडेपाच वाजले. पडदा निळाच होता. तुळसाबाई पहिल्या रांगेत, पडद्यापासून दोन हातांवर, गुडघे जवळ घेऊन बसल्या होत्या. आज त्या इस्त्रीचे पांढरे लुगडे नेसून आल्या होत्या, जणू कोणी भेटायला येणार होते. पाच पस्तीस झाले. मी मंगलाचरण लांबवले. पाच एक्केचाळीसला पडदा एकदा काळा झाला आणि त्यात समुद्र आला.

तो समुद्र मी सांगितलेल्या समुद्रासारखा नव्हता. तो काळा होता आणि उभा होता. आमच्या ग्रामपंचायतीच्या टाकीएवढी लाट एका जहाजावर चढली, जहाज दिसेनासे झाले, मग त्याचे नाक पाण्यातून वर आले. पाठीवरील लोखंडी डब्यांच्या राशीतून दोन डबे काड्यांच्या पेट्यांसारखे घरंगळले. ध्वनिक्षेपक चालू होता, पण त्यातून केवळ वारा ऐकू येत होता. अंगणातील झारे थांबले.

"हाच काय, गुरुजी?" तुळसाबाईंनी पडद्यावरून दृष्टी न काढता विचारले. "माहा पोरगा याच्यातून जाऊन राह्यला?"

माझ्यापाशी उत्तरे होती. ही भरती आहे. हे जुने चित्र आहे. हे दुसरे जहाज आहे. सहा दिवसांत मी या कलेत बराच निष्णात झालो होतो, आणि चाळीस माणसे ध्वनिक्षेपकावर माझा शब्द ऐकण्यास उत्सुक होती. तथापि तुळसाबाई पाहायला आल्या होत्या, आणि आता त्या पाहत होत्या. मी पाटावरून उठलो. गुडघ्यांमुळे त्याला थोडा वेळ लागला.

"दीपा," मी म्हणालो, "मला ही भाषा ऐकून कळत नाही. सोमवारपासून कळत नव्हती. तू सांग."

ध्वनिक्षेपक चालू असल्याने हे वाक्य बसस्थानकापर्यंत गेले.

दीपा पाटावर बसली नाही. आजीजवळ जमिनीवर बसून, बाई जसजसे बोलत होती तसतसे सांगत गेली.

"आजी, हे बाई म्हनते का हा समुद्र वाईट हाये. लाटा घरावानी. डबे पडते कधीकधी. पन इथं कोनी बान मारत नाही. कप्तान आधी हवामान पाहाते, जहाज धीरे करते, लाट जाऊ देते, मंग पुढं निंगते. म्हनून दिवस लागते. हजारो जहाजं आता इकडूनच चालले म्हनते." ती थांबली, ऐकले. "उशिरा पोचते म्हनते. पन पोचते."

तुळसाबाईंनी आणखी एक लाट जहाजावरून जाताना पाहिली.

"उशीर चालते," त्या म्हणाल्या.

मग माझ्याकडे वळल्या. मी तेव्हा पाट भिंतीला टेकून ठेवीत होतो, कारण काहीतरी करीत असणे आवश्यक होते.

"गुरुजी, बसा खाली. तुमाले बाईची बोली येत नाही, थे मले मंगळवारीच समजलं. थो टकला बोले तवा तुमी घाम पुसून राह्यलते. पौषात कोनाले घाम येते?"

"मग आपण रोज का येत होतात?"

"घरी बसलं का मी एकटी वाट पाहो," त्या म्हणाल्या. "इतं तं चाळीस मानसं पाळ्या लावून पाहून राह्यले. पोलीसबी बसला. कोन्या खलाशाची वाट इतके लोकं पाह्यते?"

या प्रश्नावर हवालदारांनी टोपी काढून पुन्हा घातली. बुंदीचा वास येत होता.

प्रसाद झाला. तुळसाबाई दीड भाकर जेवल्या, बेबीताईंनी मोजली. विधिवत् समाप्ती करून मी संच बंद करण्यासाठी रिमोट उचलला, तर बेबीताईंनी माझा हात धरला.

"सप्ता झाला, गुरुजी. पोरगं कुठं पोचलं?"

संकल्प सात दिवसांचा होता, हे मी सांगू लागलो तोवर रामरावांनी वहीचे नवे पान उघडले. सायंकाळची सहा ते आठ, म्हणजे ऐन मालिकेच्या वेळेची, पाळी रिकामी होती. ती कोणी घेईना. आतून सौभाग्यवती आल्या, पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, "ती माझी लिहा." त्यांच्या मालिकेत त्या काळात काय काय घडले, हे आम्हाला आजतागायत ज्ञात नाही.

पहारा आणखी चोवीस दिवस चालला. मी निरूपण करीत नसे; दीपा करी आणि मी दाराशी तिच्या जागी वही घेऊन बसे. विम्याचे दर का वाढतात हे आता मला बऱ्यापैकी समजते.

पंचविसाव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास, तुळसाबाईंच्याच पाळीत, दीपाचा फोन वाजला. संघर्ष बंदरातून बोलत होता. तुळसाबाईंनी विचारले, "जेवला का?" पलीकडून उत्तर आले. त्यांनी फोनच्या काचेवरील त्याचे तोंड नीट निरखून पाहिले, आणि प्रथमच त्यांना ते पटले असे दिसले.

मग त्या उठल्या. बंद करण्याची कळ कोणती, हे मला विचारून घेतले. पडद्यावर करड्या कोटातील बाई कोणत्या तरी देशाच्या निवडणुकीविषयी सांगत होती. तुळसाबाईंनी तिला हात जोडले.

"पोचला वं माहा पोरगा," त्या म्हणाल्या. "तूबी जाय आता घरी. जेवून घे."

आणि कळ दाबली.